गावात रेंज नसते, मग आधारचा क्यूआर तपासणारं ॲप अपडेट करायची गरज काय?

गरज आहे, आणि ती रेंज असलेल्या गावापेक्षा तुम्हाला जास्त आहे.

आधारच्या सुरक्षित क्यूआरमध्ये नाव, जन्मतारीख, पत्ता, छोटा फोटो आणि या सगळ्यावर आधार देणाऱ्या प्राधिकरणाची (UIDAI) डिजिटल सही असते. ती सही खरी की खोटी हे ॲप स्वतःजवळच्या सार्वजनिक प्रमाणपत्रावरून (सही पडताळायची प्राधिकरणाची डिजिटल फाइल) ठरवतं, म्हणून नेट लागत नाही. पण या प्रमाणपत्रालाही मुदत असते. प्राधिकरण नव्या किल्लीने (सही करायच्या गुप्त कोडने) सही करू लागलं की जुन्या ॲपला ती ओळखू येत नाही आणि खरं कार्ड 'अवैध' दिसतं.

दसऱ्यानंतर केज-धारूरकडच्या ऊसतोड टोळ्या निघतात तेव्हा अशी चूक फार महागात पडते. ट्रक उभा असताना माणसाला 'तुझं कार्ड खोटं' म्हणणं मला तरी सहन होत नाही. तालुक्याला गेलात की तिथेच अपडेट उतरवून घ्या. मग एक जुनं आणि एक नुकतंच छापलेलं, अशी घरचीच दोन कार्डं तपासून बघा. नवं चाललं पण जुनं अडकलं, तर अपडेटमधून जुनं प्रमाणपत्र गळालं असण्याची शक्यता आहे; तसं ॲप बनवणाऱ्याला लगेच कळवा.

सही बरोबर आली तरी पत्ता आजचाच असेल असं नाही. कार्ड छापल्यानंतर झालेला बदल त्या क्यूआरमध्ये येत नाही. आणि फोटो समोरच्या चेहऱ्याशी स्वतःच्या डोळ्यांनी जुळवा.