सातारा की सांगली: निवृत्तीचे गाव ठरवणाऱ्या लेकीस पत्र

चि. मुली,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र परवा मिळाले. बाबा येत्या मार्चअखेर निवृत्त होत आहेत, कल्याणचे घर विकून आईबाबांनी एखाद्या उबदार, माणसांची जाग असलेल्या आणि पेन्शनमध्ये भागेल अशा गावी राहायला जावे असे तुम्हा भावंडांना वाटते, आणि आता प्रश्न सातारा की सांगली एवढाच उरला आहे, असे तू लिहितेस. ठाण्यातली नोकरी संपवून मी 2016 साली तुझ्या काकूसह सांगलीत आलो, त्यामुळे माझे मत सांगलीकडे झुकणार हे तू गृहीत धरलेच असशील. तसे ते झुकतेही. तरीही एका शब्दात उत्तर देणे मला योग्य वाटत नाही, कारण साठीनंतर माणूस खरे तर घरापासून पायी दहा मिनिटांच्या टापूत राहतो, आणि आपण शहराची चर्चा करता करता तो टापू निवडायचाच विसरून जातो.

बाबांचा ओढा साताऱ्याकडे का आहे हे मी जाणतो. त्यांचे शाळकरी दिवस शनिवार पेठेत गेले, आणि अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याचे ते गाव आजही तितकेच देखणे आहे. पुणे तिथून साधारण 110 किलोमीटरवर, म्हणजे तुला शनिवारी सकाळी निघून रविवारी रात्री परतता येईल इतके जवळ आहे. पण आईच्या गुडघ्यांचा विचार केला की मला तिथल्या जुन्या पेठांमधले चढउतार आठवतात. भाजीला उतरत जायचे आणि भरलेली पिशवी घेऊन चढत यायचे, हे चाळिशीत जाणवत नाही, पासष्टीत त्यापायी घराबाहेर पडणे कमी होते. शिवाय जून ते सप्टेंबर तिथला पाऊस असा लागून राहतो की भिंतींना ओल धरते आणि दोरीवरचे कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत. संधिवात असलेल्या माणसाला हे चार महिने फार लांब वाटतात. रेल्वे स्टेशनही शहराबाहेर माहुलीला आहे. बाबांचे मन साताऱ्यातच अडकले असेल तर त्यांना मोडता घालू नकोस, मात्र पेठांमधले घर न पाहता सदर बझारच्या बाजूला सपाटीवरचे घर पाहा.

सांगली सपाट आहे. अजूनही सत्तरीतले गृहस्थ सायकलवरून दूध आणायला जाताना मला रोज दिसतात. पर्जन्यछायेचा प्रदेश असल्याने इथला स्वतःचा पाऊस बेताचा, थंडीही बेताची, आणि तुझ्या काकूने ठाण्यात वर्षानुवर्षे वापरलेला गुडघ्याचा पट्टा इथे आल्यावर दुसऱ्या वर्षी कपाटात गेला. उन्हाळ्याची मात्र कल्पना देऊन ठेवतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो आणि थेट गच्चीखालच्या घरात रात्री अकरापर्यंत स्लॅब तापलेली राहते, म्हणून सर्वांत वरच्या मजल्याचे घर स्वस्त मिळाले तरी घेऊ नका.

आता जागतेपणाविषयी. तुझ्या पत्रातला हाच शब्द मला सर्वांत महत्त्वाचा वाटला, कारण निवृत्त माणसाची अवघड वेळ कोणती, तर दुपारचे चार. सकाळ फिरण्यात, वर्तमानपत्रात आणि देवपूजेत जाते, दुपारी झोप होते, आणि चार वाजता चहा घेऊन झाला की आता पुढे काय, हा प्रश्न रोज समोर उभा राहतो. पहिल्या वर्षी मला तो फार छळत असे. नाटकाचे म्हणशील तर या गावाला नाट्यपंढरी म्हणतात ते उगाच नव्हे. 1843 साली विष्णुदास भावे यांनी संस्थानिकांच्या पाठबळावर इथेच आपले पहिले नाटक उभे केले, 5 नोव्हेंबरला रंगभूमी दिन त्याच आठवणीने साजरा होतो, आणि भाव्यांच्या नावाच्या नाट्यगृहात आजही प्रयोग होतात. पण नाटक काही रोज चार वाजता नसते. मला माझे चार वाजताचे ठिकाण शेजारच्या मिरज गावात, तंतुवाद्ये बनवणाऱ्यांच्या सतारमेकर गल्लीत सापडले. तंबोऱ्याची खुंटी निसटते म्हणून मी तो घेऊन तिथे गेलो होतो. छताला टांगलेले पंढरपूरकडचे वाळके भोपळे, खाली लाकडाचा भुसा, आणि कारागीर मांडीवर तंबोरा आडवा घेऊन जवारी काढत, म्हणजे तारेचा नाद भरदार करत बसलेला. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा पृष्ठभाग कानशीने जरासा घासायचा, तार छेडायची, कान लावायचा, तारेखाली सुताचा दोरा केसभर पुढे सरकवायचा आणि पुन्हा छेडायची, असे त्याचे पाऊण तास चालले होते. एका क्षणी ती कोरडी वाजणारी तार अचानक भरून बोलू लागली. त्याने वर पाहिले आणि मला म्हणाला, "बसा की काका, उभे का?" तेव्हापासून आठवड्यातून दोन दुपारी मी तिथे जाऊन बसतो. त्या स्टुलावर मला कोणी साहेब म्हणत नाही आणि पाहुणाही समजत नाही. दर वर्षी मिरजेच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ रात्र-रात्र गाणे होते, तेव्हा आता माझ्यासाठी जागा धरलेली असते.

बाबांसाठी असे स्टूल कुठे असेल, हे तुला किंवा मला आधी सांगता येणार नाही. ते वाचनालयात सापडेल, आमराई बागेतल्या बाकावर सापडेल किंवा मार्केट यार्डात सापडेल, जिथे फेब्रुवारी-मार्चमध्ये हळदीचे सौदे सुरू झाले की कपड्यांनाही पिवळा वास लागतो. ते त्यांनाच शोधावे लागेल, आणि त्यासाठी घर असे हवे की तिथून रोज सहज बाहेर पडता येईल.

दवाखान्यांविषयी थोडक्यात लिहितो. 1890च्या दशकात डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत वैद्यकीय काम सुरू केल्यापासून ते गाव उपचारांसाठी ओळखले जाते, आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही तिथेच आहे. सांगलीतून रिक्षाने थोड्या वेळात पोहोचता येते. बाबांना 70 पूर्ण होतील तेव्हा आयुष्मान भारत योजनेत उत्पन्नाची अट न लावता वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळते, त्याचे कार्ड काढून ठेवण्याची जबाबदारी तू घे. तोपर्यंत आरोग्य विमा खंडित होऊ देऊ नकोस.

आता पुराविषयी, आणि हा भाग आईबाबांना मोठ्याने वाचून दाखव. सांगलीचा पूर सांगलीच्या पावसाने येत नाही. महाबळेश्वर, कोयना आणि वारणेच्या खोऱ्यात पाऊस कोसळतो, धरणांतून पाणी सोडावे लागते, कऱ्हाडला कोयना आणि हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते, आणि इथे डोक्यावर स्वच्छ ऊन असताना घाटाची एकेक पायरी दिसेनाशी होते. त्या दिवसांत गावात एकमेकांना कोणी कसे आहात विचारत नाही, "आयर्विनला किती फूट?" एवढेच विचारतात. 1929 साली खुला झालेल्या कृष्णेवरच्या त्या आयर्विन पुलाजवळ 40 फुटांना इशारा पातळी आणि 45 फुटांना धोका पातळी धरतात. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेले.

आम्ही तेव्हा गावभागात, म्हणजे नदीलगतच्या जुन्या वस्तीत, तळमजल्यावर भाड्याने राहत होतो. गणपतीचे देऊळ जवळ हवे असा काकूचा आग्रह होता, आणि डिसेंबरच्या एका प्रसन्न सकाळी घर पाहून मी लगेच होकार दिला होता. पाणी ओसरल्यावर परत आलो तेव्हा भिंतीवर माझ्या छातीच्या उंचीला एक सरळ तपकिरी रेघ उमटली होती, जणू कोणी पट्टी धरून आखलेली. देव्हाऱ्याच्या कोनाड्यात बोटभर गाळ बसला होता, लाकडी कपाटाची दारे फुगून उघडेनात, आणि काकूच्या आईच्या हातची पत्रे लगद्यासारखी एकमेकांना चिकटली होती. ती पत्रे मी उन्हात वेगळी करत बसलो होतो, त्यातले एकही वाचण्याजोगे निघाले नाही. आम्ही भाडेकरू होतो म्हणून महिन्याभरात विश्रामबागेत राहायला जाऊ शकलो. शेजारच्या दांपत्याने निवृत्तीचा सगळा पैसा त्या घरात घातला होता, ते जुलै 2021 मध्ये पुन्हा पाण्यात सापडले.

म्हणून घर पाहताना दर आणि फरशी पाहण्याआधी 2005, 2019 आणि 2021 साली त्या जागी पाणी कुठवर आले होते हे विचार, आणि ते दलालाला न विचारता समोरच्या किराणा दुकानदाराला आणि दारात बसलेल्या म्हाताऱ्या बाईंना विचार. पाटबंधारे खात्याने निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखलेल्या असतात. पहिली साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, दुसरी 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. घर लाल रेषेच्याही बाहेर असावे असा माझा आग्रह आहे. दत्तनगर आणि सूर्यवंशी प्लॉटमध्ये पाणी सर्वांत आधी शिरते, तर शामरावनगरात नदी नाही आली तरी काळ्या मातीत पावसाचे पाणी साचून राहते. विश्रामबाग आणि त्यापुढचा मिरजेकडचा बराचसा भाग उंचावर आहे. कागदपत्रांत गुंठेवारीचा, म्हणजे मंजुरीविना तुकडे पाडून विकलेला, भूखंड तर नाही ना, बिगरशेती आदेश आणि बांधकाम पूर्णत्वाचा दाखला आहे का, हे वकिलाकडून तपासून घ्या.

मात्र हे सगळे तपासले तरी पहिले एक वर्ष घर विकत घेऊ नका, भाड्याने राहा. त्या वर्षात एक मे महिना आणि एक पूर्ण पावसाळा यायलाच हवा. कल्याणचे घर विकून भांडवली नफा झाला तर नवे घर घेण्यासाठी आयकर कायदा विक्रीनंतर दोन वर्षे देतो, फक्त रिटर्न भरण्याच्या मुदतीपर्यंत न वापरलेली रक्कम बँकेच्या कॅपिटल गेन खात्यात ठेवावी लागते. तेव्हा घाईचे कारण नाही.

पैशांविषयी एकच गोष्ट सांगायची आहे. इथे भाडे, भाजी, कामाच्या बाईंचा पगार, सगळेच कल्याणपेक्षा हलके आहे, त्यामुळे काटकसरीने राहणाऱ्यांच्या हाती रक्कम शिल्लक राहते, आणि ती ठेवायला गल्लोगल्ली पतसंस्था आहेत. जास्त व्याजाच्या मोहाने मीही एका पतसंस्थेत पैसे ठेवले होते. संचालक ओळखीचे, चहा पाजून बोलवणारे. ती बुडाली. चार वर्षे खेटे घालून मुद्दलाचा एक तुकडा परत मिळाला, आणि त्या चार वर्षांत काकूला मी खरी रक्कम सांगू शकलो नाही, याचे मला आजही वाईट वाटते. बँकेतल्या ठेवीला प्रत्येक ठेवीदारामागे व्याजासह 5 लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. बाबांना साठ पूर्ण होत आहेत, तर फंडातले पैसे आधी पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका. तिथे 30 लाखांपर्यंत ठेवता येतात आणि व्याज दर तिमाहीला हातात पडते.

तुझ्या येण्याजाण्याचे म्हणशील तर कोयना एक्स्प्रेस मुंबईहून सकाळी निघून संध्याकाळी सांगलीत येते आणि महालक्ष्मी रात्रभरात. मार्चनंतर आईबाबांना घेऊन आधी आमच्याकडेच उतर. मे महिन्यापासून रिकामे होणारे, दुसऱ्या मजल्यावरचे, लिफ्ट असलेले एक घर आमच्या शेजारच्या इमारतीत आहे. मालकांशी मी बोललो आहे, ते अकरा महिन्यांचा करार करायला तयार आहेत, पण एप्रिलच्या मध्यापर्यंत होय-नाही कळवायला हवे. आईला ते जिने, ती गल्ली आणि समोरची भाजीची गाडी स्वतः पाहू दे, आणि तिचे मत आधी विचार.

तुझा,
काका