यहुदी पंचांगातील सण पुन्हा पाळायचे आहेत. त्यांत आनंद कसा शोधावा?

आपण लिहिले आहे की घरात सण पाळणे सुटले, आता पुन्हा सुरू करायचे आहे, पण पंचांग उघडले की उपास आणि पश्चात्तापच अधिक दिसतो. मी कोकणातून मुंबईत आलेल्या बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या यहुदी, कुटुंबात वाढलो आणि माझी श्रद्धा अशी आहे की या पंचांगातला आनंद पश्चात्तापाला टाळून नव्हे, तर त्याच्या पाठोपाठ येतो.

तिश्री महिनाच पाहा. १ तारखेला नववर्ष येते, शोफार म्हणजे मेंढ्याच्या शिंगाचे वाद्य वाजते आणि १० तारखेच्या योम किप्पूरपर्यंत, म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपासाच्या दिवसापर्यंत, माणूस स्वतःचा हिशेब मांडतो. त्यातही ज्याला आपण दुखावले असेल त्याची समजूत काढल्यावाचून केवळ उपासाने तो दोष फिटत नाही, असा मिश्ना या प्राचीन यहुदी धर्मनियमसंग्रहाचा दंडक आहे. नंतर अवघ्या पाच दिवसांनी पौर्णिमेला सुक्कोथ हा मांडवांचा सण सुरू होतो. हा काळ अनेक वर्षी आपल्या कोजागरीच्या आसपासचा असतो. सिनेगॉगच्या, म्हणजे आमच्या प्रार्थनामंदिराच्या, आवारात झावळ्यांनी शाकारलेला मांडव उभा राहतो आणि त्याचे छत इतके विरळ ठेवायचे असते की रात्री वर चांदण्या दिसाव्यात. पीक घरात आल्यावर, म्हणजे माणसाला आपल्या कोठाराचा सर्वांत जास्त भरवसा वाटतो नेमक्या त्या वेळी, पक्के छप्पर सोडून सात दिवस या मांडवात जेवायचे आणि आनंद करायचा, ही आज्ञा आहे. मोशेच्या पाच ग्रंथांपैकी ‘अनुवाद’ या ग्रंथाच्या १६व्या अध्यायात त्या आनंदात कोणाकोणाला घ्यायचे हेही सांगितले आहे: मुलगा, मुलगी, दास, दासी, लेवी (मंदिरसेवा करणाऱ्या वंशातला), परका, अनाथ, विधवा. मला या यादीइतके खोल अध्यात्म दुसरीकडे क्वचितच आढळले.

अधिक मासाचेही तसेच. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असल्याने वल्हांडण हा इजिप्तच्या गुलामीतून सुटकेचा सण वसंतातच यावा म्हणून १९ वर्षांत सात वेळा एक महिना वाढवतात. मराठी घरांत अधिक मासात मंगल कार्ये टाळतात. यहुदी पंचांगात मात्र वाढतो तो अदार, आणि अदार लागला की आनंद वाढवावा, असे तालमूद हा मिश्नावरील चर्चांचा ग्रंथ सांगतो.

सुरुवात मात्र शब्बाथपासून, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवार रात्रीपर्यंतच्या विश्रांतीच्या दिवसापासून, करावी. हिब्रू ग्रंथांचे शिक्षण दुरावले त्या काळातही कोकणातल्या आमच्या पूर्वजांनी शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी दिवे लावा, द्राक्षारस नसेल तर आपल्याकडच्या रीतीप्रमाणे काळ्या मनुकांच्या सरबतावर किद्दुश, म्हणजे शब्बाथच्या पावित्र्याची प्रार्थना, म्हणा आणि त्या जेवणाला घरच्यांखेरीज निदान एका माणसाला बोलवा.