पायथनमध्ये ओळीतला मधला शब्द कापून काढताना काना का गळतो?

तुमचा प्रश्न मला असा समजला. फाइलमधली प्रत्येक ओळ

ओळ = "शब्द: नमस्कार; पान: १२"

अशी आहे आणि तुम्हाला मधला शब्द हवा आहे. तुम्ही मोजून ओळ[6:13] लिहिलंत. या ओळीत ‘नमस्कार’ नीट आला. ‘घर’ असलेल्या ओळीत ‘घर; पान’ आलं, आणि ‘दुसर्‍या’ असलेल्या ओळीत शेवटचा काना गेला. शिवाय ‘नमस्कार’ची पहिली तीन अक्षरं मागितली तर ‘नमस’ मिळतं, ‘नमस्का’ नाही.

पायथन इथं काहीही चुकत नाहीये. [6:13] म्हणजे सहाव्या जागेपासून तेराव्या जागेच्या आधीपर्यंत, आणि मोजणी शून्यापासून. तेरावी जागा धरली जात नाही, म्हणून 13 - 6 म्हणजे सात चिन्हं हातात येतात. ‘नमस्कार’मध्ये नेमकी सातच चिन्हं आहेत: न, म, स, पाय मोडण्याची खूण, क, काना, र. तुमचा आकडा त्या एका शब्दाच्या मापाचा होता. ‘घर’मध्ये दोनच चिन्हं, त्यामुळे उरलेली पाच पुढच्या मजकुरातून आली. स्लाइस (चौकटी कंसातल्या आकड्यांनी कापलेला तुकडा) ओळीच्या टोकापलीकडे गेला तरी पायथन तक्रार करत नाही, मिळेल तेवढं देतो. म्हणून ही चूक लवकर लक्षात येत नाही.

तेव्हा आकडे सोडा आणि खुणा धरा. तुमच्या ओळीत खुणा आहेतच: शब्दाआधी विसर्गासारखी दिसणारी दोन टिंबं, शब्दानंतर अर्धविराम. बहुतेकजण इथं खुणेची जागा सांगणारा फाइंड वापरायला सांगतात. (मेथडची, म्हणजे फाइंडसारख्या तयार क्रियांची, नावं मी देवनागरीत लिहितोय. प्रोग्रॅममध्ये ती मूळ रोमन नावांनीच टाइप करायची. ‘ओळ’सारखी व्हेरिएबलची नावं मात्र पायथन ३ मध्ये देवनागरीत चालतात.) फाइंडबद्दल एक सावधगिरी बाळगा. खूण सापडली नाही तर तो -1 देतो, आणि स्लाइसमध्ये -1 चा अर्थ ‘शेवटच्या चिन्हाआधीपर्यंत’ असा होतो. अर्धविराम विसरलेली "शब्द: घर" ही ओळ ओळ[6:-1] झाली की ‘घ’ देते. एरर नाही, इशारा नाही. माझ्या एका कामात अशा अर्धवट शब्दांची अख्खी यादी तयार झाली होती आणि ती मला फार उशिरा दिसली. तेव्हापासून खूण असायलाच हवी अशा ठिकाणी मी इंडेक्स वापरतो, तोही खुणेची जागाच सांगतो. खूण नसेल तर तो व्हॅल्यूएरर नावाची एरर देऊन तिथंच थांबतो.

तुमच्या कामासाठी मी पार्टिशन घेईन. तो पहिल्या सापडलेल्या खुणेवर ओळ फोडतो आणि नेहमी तीन तुकडे देतो: खुणेआधीचा, स्वतः खूण, आणि नंतरचा. आधी दोन टिंबांवर फोडून तिसरा तुकडा घ्या, तो अर्धविरामावर फोडून पहिला घ्या, मग स्ट्रिप लावून कडेची मोकळी जागा काढा. मधला तुकडा रिकामा आला तर खूण नव्हती असं समजायचं. प्रत्येक खुणेवर फोडणारा स्प्लिट इथं अडचणीचा आहे, कारण ‘पान’नंतरही तीच दोन टिंबं आहेत आणि तो तिथंही फोडतो. जाता जाता, पानाचा ‘१२’ देवनागरी अंकात असला तरी इंट त्याची संख्या करून देतो. चौकटी कंसातले अंक मात्र 0 ते 9 याच रूपात लिहावे लागतात.

एवढ्यानंतरही काही ओळी फुटल्या नाहीत तर दोन टिंबं नीट तपासा. मराठी टायपिंगमध्ये कोलनऐवजी विसर्ग पडणं अगदी नेहमीचं आहे. ‘शब्द:’ आणि ‘शब्दः’ डोळ्यांना जवळपास सारखे दिसतात, संगणकाला ती दोन वेगळी चिन्हं आहेत. ओळ लिस्टमध्ये टाकून छापली की प्रत्येक चिन्ह सुटं दिसतं, आणि युनिकोडडेटा मॉड्यूलमधलं नेम प्रत्येकाचं अधिकृत नाव सांगतं.

आता गळलेला काना. ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो. एका प्रकारात नुक्ता असलेला ऱ, मग पाय मोडण्याची खूण, मग य. दुसऱ्यात साधा र, पाय मोडण्याची खूण, त्यानंतर झेडडब्ल्यूजे नावाचं न दिसणारं जोडचिन्ह, मग य. पडद्यावर दोन्ही सारखे, पण पहिल्यात सात चिन्हं आणि दुसऱ्यात आठ. तुमच्या ओळीत दुसरा प्रकार होता, म्हणून आठवं चिन्ह, म्हणजे काना, बाहेर राहिला. याचा खरा त्रास शोधताना होतो: एका प्रकारे लिहिलेला शब्द दुसऱ्या प्रकाराने शोधला तर सापडत नाही. युनिकोडचं (सगळ्या लिप्यांतल्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकाचं) नॉर्मलायझेशन, म्हणजे एकच गोष्ट लिहिण्याचे वेगळे प्रकार एका रूपात आणणं, तेही या दोघांना एक करत नाही. त्यामुळे फाइल वाचल्याबरोबर रिप्लेस लावून सगळीकडे एकच प्रकार करून घ्या. ‘ॲ’चंही तसंच आहे. तो एक स्वतंत्र चिन्ह म्हणून येतो किंवा अ, झेडडब्ल्यूजे आणि चंद्र असा तुकड्यांत येतो.

राहिला पहिल्या तीन अक्षरांचा प्रश्न. आपण ज्याला अक्षर म्हणतो ते पायथन मोजतच नाही. तो युनिकोडची चिन्हं मोजतो, आणि तीही साठवलेल्या क्रमाने, दिसणाऱ्या नव्हे. ‘विद्यार्थी’ घ्या. आपल्या लेखी तीन अक्षरं, पायथनच्या लेखी दहा चिन्हं. वेलांटी दिसते व च्या आधी, पण साठवलेली असते नंतर. रफार दिसतो थी च्या डोक्यावर, पण र आणि पाय मोडण्याची खूण थ च्या आधी बसलेली असतात. म्हणून [:3], म्हणजे सुरुवातीपासून तीन चिन्हं, ‘विद’ देतो आणि [:7] ‘विद्यार’. (पीएचपी या दुसऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेतलं तुकडा कापणारं साधं सबस्ट्र तर बाइट मोजतं. यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, म्हणजे तिथं ‘नमस्कार’ २१ भरतो आणि चिन्हसुद्धा मधोमध कापलं जाऊ शकतं.)

यासाठी पायथनमध्ये वेगळी बसवावी लागणारी रेजेक्स नावाची लायब्ररी आहे, तिच्यात अक्षरागणिक तुकडे पाडायची सोय आहे. पण जोडाक्षर अखंड ठेवण्याचा नियम युनिकोडमध्ये १५.१ या आवृत्तीत, २०२३ साली आला. त्याआधीच्या नियमाने ‘स्का’चे ‘स्’ आणि ‘का’ असे दोन तुकडे पडतात, तेव्हा तुमची लायब्ररी कुठल्या आवृत्तीवर आहे ते आधी बघा.

तुमचा मजकूर फक्त देवनागरी असेल तर मी स्वतःच एक छोटं लूप लिहीन. एकेक चिन्ह घ्यायचं. त्याची युनिकोडडेटामधली कॅटेगरी एम या रोमन अक्षराने सुरू होत असेल (काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि पाय मोडण्याची खूण सगळे यात येतात), किंवा ते झेडडब्ल्यूजे असेल, तर ते चालू तुकड्याला जोडायचं. चालू तुकडा पाय मोडण्याच्या खुणेवर, किंवा त्या खुणेनंतरच्या झेडडब्ल्यूजेवर संपत असेल तर पुढचं व्यंजनही त्यालाच जोडायचं. नाहीतर नवा तुकडा सुरू करायचा. ‘नमस्कार’चे यातून न, म, स्का, र असे चार तुकडे पडतात. या यादीवर [:3] लावून जॉइनने सांधलं की ‘नमस्का’ मिळतं.