स्पेनला उन्हाळी कोर्सला येतेयस ना, मग शाळेपेक्षा घर नीट निवड

तुझा मेसेज वाचला, सगळं एकदाच लिहिते म्हणजे परत परत विचारायला नको. तू म्हणतेयस की पुण्यात क्लास लावून स्पॅनिशची ए टू लेव्हल संपवलीयस, टीवायची परीक्षा झाली की सहा-सात आठवडे स्पेनला येऊन भाषा पक्की करायचीय, बार्सिलोना आणि सालामांका यात अडकलीयस, होस्ट फॅमिली की मुलींबरोबर फ्लॅट हे ठरत नाहीये, तू शाकाहारी आहेस आणि आई घाबरलीय. मी मूळची नाशिकची, पहिल्यांदा आले ती अशाच कोर्सला आणि तोही सालामांकालाच, आता बरीच वर्षं माद्रिदला नोकरी करतेय, त्यामुळे मी थोडी सालामांकाच्या बाजूची आहे हे आधीच धरून चाल.

बार्सिलोना नको. शहर भारी आहे, समुद्र आहे, फोटो छान येतात, पण तू भाषेसाठी येतेयस ना? तिथं पाट्या कातालानमधे, म्हणजे तिथल्या स्थानिक भाषेत, शेजारीपाजारी आपसात कातालान बोलणार, आणि उन्हाळ्यात टुरिस्ट इतके की कॉफी मागायला तोंड उघडायच्या आत वेटर इंग्लिशमधे सुरू होतो. इंग्लिशच्या बाबतीत माद्रिदचं पण थोडंफार तसंच आणि वर महाग. सेव्हिया, कोर्दोबा जुलैमधे अजिबात नको, चाळीसच्या वर पारा जातो, विदर्भातला उन्हाळा सोसलेला असला तरी तिथं दुपारी रस्त्यावर काळं कुत्रं दिसत नाही. शिवाय ही दोन्ही दक्षिणेला आंदालुसियात, आणि तिथं लोक शब्दातला शेवटचा स गिळतात, ए टूच्या कानाला पहिले पंधरा दिवस काही कळतच नाही. सालामांका कास्तिया भागात आहे, उच्चार स्वच्छ, गाव चालत फिरता येईल एवढं, आणि समुद्रसपाटीपासून ८०० मीटरवर असल्यामुळे दुपारी ऊन कितीही असलं तरी रात्री गारवा येतो, जुलैत सुद्धा रात्री अंगावर काहीतरी घ्यावं लागतं. दुसरा नंबर मी ग्रानादाला देईन, ते पण आंदालुसियातच आणि तापतंही, पण स्टुडंट्सचं गाव आहे आणि तिथं ड्रिंक मागवलं की सोबत तापा, म्हणजे खायची छोटी बशी, फुकट येतो, साधा लिंबू सोडा मागवलास तरी.

सालामांकाचं विद्यापीठ १२१८ सालचं, स्पेनमधलं सगळ्यात जुनं जे अजून चालू आहे ते, आणि त्यांचा स्वतःचा परदेशी विद्यार्थ्यांसाठीचा विभाग आहे, कुर्सोस इंतरनासिओनालेस म्हणतात. त्याशिवाय गावात प्रायव्हेट भाषाशाळा ढिगानी आहेत. तू तीन शाळांचे ब्रोशर पाठवून कुठली चांगली विचारलंस, तर खरं सांगू का, रोज चार तासांचा कोर्स सगळीकडे साधारण सारखाच असतो, ग्रामर तू पुण्यात पण शिकलीसच की. बघायचं एवढंच की शाळेला इन्स्तितुतो सेर्वांतेसची, म्हणजे स्पेनच्या सरकारी भाषासंस्थेची, मान्यता आहे का आणि एका वर्गात किती जण घेतात, दहाच्या आत असतील तर बरं. बाकी पैसे शाळेच्या नावावर घालवू नकोस, ते घरासाठी ठेव.

कारण सकाळचे चार तास सोडले तर उरलेला दिवस तू कोणाबरोबर काढतेस यावर सगळं अवलंबून आहे. जुलैमधे सालामांकात अमेरिकन मुलांचे थवेच्या थवे येतात, वर्ग सुटला की सगळे मिळून इंग्लिशमधे गप्पा मारत फिरतात. फ्लॅट घेतलास तर त्यात जर्मन, कोरियन, अमेरिकन अशाच मुली असणार आणि घरातली भाषा आपोआप इंग्लिश होणार, महिनाअखेरीला पार्ट्या भरपूर पण स्पॅनिश आहे तिथंच. म्हणून फॅमिलीत राहा, आणि शाळेला मेल करताना स्पष्ट लिही की त्या घरात एका वेळी दुसरा कोणी इंग्लिश बोलणारा विद्यार्थी नको. हे मागितलं तर देतात, न मागता देत नाहीत.

फॅमिली म्हणजे आईबाबा आणि दोन गोंडस मुलं असं चित्र डोळ्यासमोर असेल तर ते पुसून टाक. बहुतेक वेळा एकटी राहणारी साठी-सत्तरीची बाई असते, मुलं माद्रिदला गेलेली, रिकाम्या खोल्या विद्यार्थ्यांना देते, तेवढेच चार पैसे आणि सोबत. आणि भाषेच्या दृष्टीनं यापेक्षा चांगलं काही नाही, कारण तिला इंग्लिश येत नाही आणि तिला बोलायचं असतं. दुपारचं जेवण अडीच-तीनला, तीनच्या बातम्या लावून, आणि जेवण झालं म्हणून ताट उचलून खोलीत पळायचं नाही. टेबलावर बसून राहायचं. मग हवामान, शेजारीण, शेजारणीची सून, कलिंगड यंदा किती महाग, असं सगळं निघतं. नंतर ती ला दोस या टीव्ही चॅनेलवर वर्षानुवर्षं चालणारा तो प्रश्नमंजुषेचा कार्यक्रम बघणार किंवा जुलै असेल तर तूर द फ्रान्सची सायकल रेस लावून खुर्चीतच डुलक्या काढणार. तू पण बस तिथं. मला स्पॅनिशमधल्या भूतकाळाची दोन रूपं पुण्या-नाशिकच्या क्लासमधे पाठ होती पण कुठं कुठलं हे कळलं ते मी राहिले त्या घरच्या बाईनी तिच्या नवऱ्याचे किस्से सांगितले तेव्हा.

घरातले नियम वेगळे असतात ते आधी सांगते. अनवाणी फिरायचं नाही, हे आपल्याला विचित्र वाटतं कारण आपण चपला दारात काढतो, पण तिथं फरशीवर उघडे पाय दिसले की सर्दी होईल म्हणून ओरडा बसतो, घरात घालायच्या सपाता घेऊनच ये. आंघोळ पटकन, बऱ्याच जुन्या घरात गरम पाण्याला गॅसचं सिलिंडर असतं, ते केशरी, आणि ते संपलं की वर चढवायचा वैताग तिचा असतो. दिवसा खिडक्यांचे शटर खाली ओढून घर अंधारं ठेवतात, उजेड यावा म्हणून ते उघडू नकोस, ऊन आत येऊ नये म्हणूनच ते असतं. रात्रीचं जेवण साडेनऊ-दहाला. जूनमधे सूर्यच दहाच्या सुमारास मावळतो त्यामुळे आठला भूक लागली तर फळं, बिस्किटं खोलीत ठेव.

आता शाकाहार. उपाशी राहणार नाहीस पण डोक्याला ताप होईल हे नक्की. तिकडे मांस म्हणजे लालभडक तुकडा, ट्यूना हे मांस नाही आणि हॅमचे बारीक तुकडे म्हणजे तर चवीपुरतं. मी पहिल्या आठवड्यात शाकाहारी आहे असं सांगितलं होतं, बाईंनी मान डोलावली, आणि दुसऱ्या दिवशी मसुराची आमटी आली, त्यात चोरिझोच्या, म्हणजे डुकराच्या मांसाच्या सॉसेजच्या, लाल चकत्या तरंगत होत्या. मी बघतच राहिले. तिनी शांतपणे चमचा घेतला, एकेक चकती उचलून स्वतःच्या ताटात ठेवली, वाटी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाली आता ठीक आहे. वर तेलाचा लाल तवंग तसाच. म्हणून नुसतं शाकाहारी लिहून भागत नाही, शाळेच्या फॉर्ममधे स्पॅनिशमधेच लिही की मांस नाही, मासे नाहीत, हॅम नाही, चोरिझो नाही, हाडांच्या रश्यात शिजवलेलं नाही. अंडं खातेस का ते कळवलं नाहीस, खात असशील तर अर्धा प्रश्न सुटला कारण बटाट्याचं जाड ऑम्लेट, तोर्तिया, कुठंही कधीही मिळतं. बाकी गाझ्पाचो म्हणजे टोमॅटोचं थंड सूप, पिस्तो म्हणजे टोमॅटो-वांगी-भोपळी मिरचीची भाजी, तळलेल्या पाद्रोनच्या मिरच्या, पातातास ब्राव्हास म्हणजे तिखट सॉस घातलेले तळलेले बटाटे, मांचेगो चीज. सालमोरेहो, म्हणजे गाझ्पाचोसारखंच पण घट्ट सूप, मागवलंस तर वरून हॅम नको सांग. क्रोकेता दिसायला बटाटेवड्यासारख्या दिसतात पण आत बहुतेक हॅम किंवा कोंबडी असते, विचारल्याशिवाय तोंडात टाकू नकोस. आणि सालामांकाच्या आसपासचा सगळा भाग डुकराच्या मांसासाठी प्रसिद्ध आहे, शेजारचं गिहुएलो त्याच्या हॅमसाठीच ओळखलं जातं, तिथला ओर्नासो नावाचा भरलेला पाव बेकरीत दिसतो तो पण मांसाचाच. दुपारी बाहेर खायचं तर मेनू देल दीआ, म्हणजे त्या दिवसाचं ठरलेलं जेवण, घे, १२ ते १५ युरोत दोन पदार्थ, पाव, पेय आणि गोड. पहिल्या पदार्थांत दोन शाकाहारी निघतात, दोन्ही पहिल्यातलेच द्या म्हटलं की देतात.

आईनी डबे भरायला घेतले असतील तर तिला सांग की मेतकूट, चटण्या, बाकरवडी, भाजणी हे सगळं चालेल, पण तूप, पेढे, बर्फी देऊ नको. बाहेरच्या देशातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपात आणायला बंदी आहे, सापडलं तर फेकून देतात. आणि फॅमिलीत स्वयंपाकघर बाईचं असतं, तिला न विचारता फोडणी घालायला जाऊ नकोस, वास तीन दिवस जात नाही अशी तक्रार शाळेपर्यंत जाते. काबुली चणे, मसूर, तांदूळ, जिरं हे तिथल्या सुपरमार्केटमधे मिळतंच. हिंग, कढीपत्ता पाहिजे तर माद्रिदला लावापिएस भागात बांगलादेशी दुकानं आहेत.

व्हिसा. ९० दिवसांच्या आत आहेस म्हणजे शॉर्ट स्टे शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा व्हिसा), स्टुडंटचा लाँग टर्म नाही. मुंबईच्या कॉन्सुलेटकडे महाराष्ट्राचे अर्ज जातात, कागद बीएलएस या व्हिसा कंपनीच्या सेंटरवर घेतात. सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, नियमानं निर्णय १५ दिवसात पण ४५ पर्यंत लांबू शकतो, आणि एप्रिल-मेमधे अख्खा महाराष्ट्र युरोप टूरला निघालेला असतो त्यामुळे अपॉइंटमेंटच मिळत नाही. मार्चमधे कागद तयार ठेव. फी ९० युरो, ट्रॅव्हल इन्शुरन्स किमान ३०,००० युरो कव्हरचा. शाळेच्या पत्रावर तारखा, आठवड्याचे तास आणि फी भरल्याची पावती हवी, राहण्याचं पत्र वेगळं, बाबांचे आयटीआर, बँक स्टेटमेंट आणि ते खर्च करणार असं पत्र. बँकेत शेवटच्या आठवड्यात कोणाकडून तरी मोठी रक्कम टाकून घ्यायची नाही, ते लगेच दिसतं. परतीची तारीख कोर्स संपल्यावर पाच-सहा दिवसांच्या आत ठेव. व्हिसा हातात आला की त्यावर दिवस किती दिलेत ते बघ, नुसत्या तारखा बघू नकोस, कारण तारखांची खिडकी मोठी आणि दिवस कमी असं होतं आणि मोजायचे असतात ते दिवस. या व्हिसावर काम करता येत नाही, तिथं पोचल्यावर कॅफेत काहीतरी बघू असं कोणी एजंट म्हणाला तर उठून ये. आणि २०२५ च्या ऑक्टोबरपासून शेंगेनच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटोची नवीन पद्धत सुरू झालीय, त्यामुळे पुढची फ्लाइट किंवा बस लगेचची बुक करू नकोस.

माद्रिदच्या बाराहास विमानतळावरून सालामांकाची थेट बस मिळते, रात्री उशिरा उतरणारी फ्लाइट घेऊ नकोस एवढंच. चार्जरची पातळ दोन पिनांची पिन चालते, आपला तीन पिनांचा लॅपटॉपचा प्लग चालत नाही, अडॅप्टर पुण्यातूनच घे. नळाचं पाणी पी, काही होत नाही. सिमकार्डला पासपोर्ट लागतो.

आईच्या काळजीचं म्हणशील तर सालामांकात रात्री बारा वाजता पण प्लाझा मायोर, म्हणजे गावातला मुख्य चौक, भरलेला असतो, आज्या, लहान पोरं, आईस्क्रीम खाणारी जोडपी, भेटायचं ठिकाण म्हणजे घड्याळाखाली, गावातले सगळे तिथंच भेटतात. मला तिथं एकटीनं घरी येताना कधी भीती वाटली नाही. खिसेकापू मात्र माद्रिदच्या मेट्रोत आणि बार्सिलोनाला राम्ब्लास रस्त्यावर, फोन कॅफेच्या टेबलावर ठेवायची सवय मोडून ये. इमर्जन्सी नंबर ११२.

ऑगस्ट शक्यतो टाळ. स्पॅनिश लोक स्वतःच सुट्टीवर जातात, शटरवर सुट्टीनिमित्त बंद अशा चिठ्ठ्या, गावात उरतात ते टुरिस्ट. जूनचा दुसरा आठवडा ते जुलैचा शेवट हे सगळ्यात चांगलं, सुरुवातीला तिथली खरी विद्यापीठाची पोरं पण परीक्षा संपवत असतात तोवर गाठ पडते. टोमॅटो फेकायचा तो उत्सव बुन्योल गावात ऑगस्टच्या शेवटच्या बुधवारी असतो, जिंदगी ना मिलेगी दोबारा पिक्चरमुळे प्रत्येकाला तेच करायचं असतं, त्यासाठी कोर्सच्या तारखा फिरवू नकोस गं.

शेवटी सर्टिफिकेटबद्दल विचारलंयस. शाळा जे देते ते हजेरीचं असतं, पुढं एमए किंवा नोकरीला डेले किंवा सिएले या स्पॅनिशच्या अधिकृत परीक्षांचं सर्टिफिकेट लागतं. डेलेची मुदत संपत नाही पण तारखा ठरलेल्या असतात आणि निकालाला दोन-तीन महिने लागतात, सिएले कॉम्प्युटरवर, निकाल तीन आठवड्यात, पण पाच वर्षंच चालतं. तुला बी वन, म्हणजे ए टूच्या पुढची लेव्हल, हवी असेल तर जुलैअखेर सिएले देऊन परत जा, परत पुण्यात गेलीस की महिन्याभरात अर्धं विसरायला होतं. मार्च यायच्या आत तारखा आणि शाळा ठरव आणि घराबद्दलचा मेल स्पॅनिशमधे लिहून मला पाठव, पाठवायच्या आधी मी बघून देते, विशेषतः ते रश्याचं वाक्य.