एव्हीएमसाठी डीएसए झालेली असताना फंक्शनल एमआरआय पुन्हा कशाला?

तुमच्या भावाला फिट आली, मेंदूत डाव्या बाजूला एव्हीएम, म्हणजे धमन्या आणि शिरांचा गुंता निघाला, डीएसएही (रक्तवाहिन्यांत रंगद्रव्य सोडून काढलेला एक्स-रे) झाली आणि आता सर्जन फंक्शनल एमआरआय मागतायत. हा खर्च उगाचच आहे का, असं तुम्ही विचारलंय. मी रेडिओलॉजिस्ट आहे. फिल्म पाहिलेल्या नाहीत, म्हणून तपासणीपुरतंच बोलतो.

खर्च उगाच नाही. कुठली धमनी गुंत्यात शिरते, कुठल्या शिरेतून रक्त बाहेर पडतं, धमनीला कुठे फुगा आलाय का, हे डीएसएइतकं नेमकं एमआरआय दाखवत नाही. पण डीएसएत मेंदू दिसतच नाही, दिसतात फक्त रक्तवाहिन्या. सर्जनला तर मेंदूतूनच वाट काढायची असते. ऑपरेशन किती जोखमीचं हे सांगणाऱ्या, 1986 पासून वापरात असलेल्या स्पेट्झलर-मार्टिन ग्रेडमध्ये गुणांची बेरीज करतात: आकाराला 1 ते 3 गुण, खोल शिरेत निचरा असेल तर 1 आणि बोलणं, हालचाल, दृष्टी अशा नाजूक भागात गुंता असेल तर आणखी 1. हा शेवटचा गुण ठरवायला एमआरआय लागतो.

फंक्शनल एमआरआयमध्ये भावाला बोटं हलवायला, मनातल्या मनात शब्द आठवायला सांगतील. काम करणाऱ्या भागात रक्त वाढतं, तिथल्या ऑक्सिजनच्या फरकावरून नकाशा बनतो. गोम इथेच आहे. एव्हीएममधून रक्त इतकं सुसाट वाहतं की शेजारचा भाग काम करत असूनही नकाशात कोराच राहू शकतो. डावीकडे काही उमटलं नाही, उजवीकडे उमटलं, तर भाषा खरंच उजवीकडे सरकली असेल, किंवा डावीकडचा सिग्नल नुसता दबला असेल. म्हणून नुसत्या रंगीत ठिपक्यांवर कुणी चाकू चालवत नाही. ट्रॅक्टोग्राफीत मज्जातंतूंचे पट्टे पाहतात, आणि शंका उरलीच तर ऑपरेशनच्या वेळी मेंदूला सौम्य करंट देऊन तपासतात.

तपासणीच्या सूचना मराठीतून द्यायला आधीच सांगून ठेवा. घरी मराठी बोलणाऱ्याला इंग्रजीतून शब्द आठवायला लावले तर निकालावर माझा फारसा भरवसा बसत नाही. फिटच्या गोळ्या परस्पर बंद करू नका. डोकं हललं तर सगळं वाया जातं, म्हणून सराव आधी बाहेर करून घ्या.

एव्हीएम अजून फुटलेलं नसेल तर ऑपरेशन करायचंच का, हेही सर्जनना मोकळेपणाने विचारा. 2014 मध्ये आलेल्या अरुबा नावाच्या, रुग्णांवर केलेल्या चाचणीत न फुटलेल्या एव्हीएमच्या रुग्णांपैकी नुसत्या औषधांवर ठेवलेल्यांचं, एव्हीएमवर थेट उपचार केलेल्यांपेक्षा जास्त बरं चाललं होतं. पाठपुरावा थोड्याच वर्षांचा होता आणि त्यात शस्त्रक्रिया झालेले रुग्ण कमी होते, हा सर्जनांचा आक्षेप मलाही पटतो. भाऊ तरुण असेल, ग्रेड 1 किंवा 2, म्हणजे ऑपरेशनची जोखीम कमी असेल, तर हिशोब वेगळा होतो.