फी भरायच्या आधी मला फोन कर

अगं पोरी,

काल रात्री तुझ्या आईचा फोन आला होता, अर्धा तास बोलली आणि त्यातली पंचवीस मिनिटं फीचंच. कोणत्यातरी कन्सल्टन्सीवाल्याने बाबांना सांगितलंय म्हणे की सीट पक्की करायची असेल तर आत्ताच बुकिंगचे पन्नास हजार टाका, नंतर रेट वाढेल. जशी काही कॉलेजची सीट म्हणजे पिंपळगावच्या मार्केटमधला टोमॅटोचा क्रेट. बाबा पतसंस्थेत सोनं ठेवायला निघालेच होते, आईने कसंबसं थांबवलं. म्हणून लिहायला बसले. फोनवर तू नुसतं हो मावशी हो मावशी करतेस आणि नंतर विसरतेस, हे निदान मोबाईलमध्ये राहील.

त्या माणसाला एक रुपयाही द्यायचा नाही, हे आधी. इंजिनिअरिंगची ॲडमिशन सीईटी सेलच्या कॅप राऊंडमधून होते, म्हणजे सरकारच मार्कांप्रमाणे ऑनलाइन सीट वाटतं, तू, तुझा लॉगिन आणि तुझे मार्क, मध्ये कोणी माणूस लागतच नाही. ठरलेल्या फीच्या वर पैसे मागायला महाराष्ट्रात १९८७ पासून कायद्याने बंदी आहे, कॅपिटेशन फीचा कायदा म्हणतात तो हाच. आणि खासगी कॉलेजची फी किती हे कॉलेजवाले किंवा एजंट ठरवत नाहीत, २०१५ च्या कायद्याखाली शुल्क नियामक प्राधिकरण आहे ते कॉलेजनिहाय मंजूर करतं आणि त्यांच्या वेबसाईटवर आकडे असतात. तुझ्या लिस्टमध्ये जेवढी कॉलेजं आहेत तेवढ्यांची फी तिथून वहीत उतरव, आणि लिहिताना ट्यूशन फी वेगळी आणि डेव्हलपमेंट फी वेगळी लिही. का ते सांगते पुढे.

तुला माहितीये मी गेली कित्येक वर्षं कॉलेजच्या स्कॉलरशिपच्या खिडकीच्या आतल्या बाजूला बसते. जुलै ते मार्च माझ्यासमोर नुसत्या फायली आणि रडवेली पोरं. तरीपण माझ्या स्वतःच्या भावाच्या वेळी आमचं चुकलं, तेच आधी सांगते कारण ते आम्ही घरात फार बोलत नाही. २०१८ ची गोष्ट. त्याला कॅपच्या राऊंडमध्ये मेकॅनिकल मिळालं होतं, बऱ्यापैकी कॉलेज होतं. पण सगळे मित्र कॉम्प्युटरला चाललेले, आणि बाहेरगावच्या एका कॉलेजातून फोन आला की इन्स्टिट्यूट लेव्हलला, म्हणजे कॅपच्या बाहेर कॉलेज स्वतः भरतं त्यात, कॉम्प्युटरची सीट आहे, या लगेच, फी तेवढीच. त्याने कॅपची सीट सोडली आणि तिकडे गेला. फी खरंच तेवढीच होती हो, खोटं नाही बोलले ते. पण शाहू महाराज शिष्यवृत्तीत ट्यूशन फीची निम्मी रक्कम सरकार देतं ती कॅपमधून ॲडमिशन असेल तरच, आणि हे त्याला कोणी बोललं नाही. मी त्या आठवड्यात ऑफिसच्या कामात गुंतलेले, त्याने मला विचारलं नाही आणि मीही स्वतःहून विचारलं नाही. चार वर्षं पूर्ण फी भरली. वडिलांनी सिन्नरकडचा प्लॉट त्यातच काढला, त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही पण मी ज्या खिडकीत बसून लोकांच्या पोरांना रोज हेच सांगते त्या खिडकीत दुसऱ्या दिवशी बसायला मला लाज वाटली होती.

तर तुझा ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीचा क्रम, भरताना हे डोक्यात ठेव, की आपली फी किती लागणार हे ॲडमिशनच्या काउंटरवर ठरत नाही, ते कोणत्या दाराने आत गेलीस त्यावर ठरतं. मॅनेजमेंट कोटा, इन्स्टिट्यूट लेव्हल, खासगी किंवा अभिमत विद्यापीठ, इथे राज्य सरकारची फीची सवलत चालत नाही. शहरभर होर्डिंग लागलेत ना शंभर टक्के स्कॉलरशिपवाले, ती त्यांची स्वतःची सवलत असते, पहिल्या वर्षाला देतात आणि दुसऱ्या वर्षी सीजीपीएची, म्हणजे मार्कांची, अट दाखवतात, असं होऊन आमच्याकडे ट्रान्सफर मागत आलेली पोरं मी पाहिलीत.

आता तुझं स्वतःचं. तू ओबीसी, मुलगी, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत. ८ जुलै २०२४ ला सरकारचा जीआर निघाला त्यानुसार ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएसच्या मुलींना व्यावसायिक कोर्सला कॅपमधून ॲडमिशन असेल तर ट्यूशन फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ, आधी ती पन्नास टक्के होती. म्हणजे तुझ्या बाबांना जो आकडा ऐकून घाम फुटलाय त्यातला मोठा भाग तुला लागूच होत नाही. पण माफी ट्यूशन आणि परीक्षा फीची आहे. डेव्हलपमेंट फी, हॉस्टेल, मेस, युनिफॉर्म, त्या ॲप्रनचे आणि ड्रॉइंगच्या बोर्डाचे पैसे, हे सगळं तुमचंच. म्हणून म्हटलं वहीत वेगवेगळं लिही. दोन कॉलेजांची एकूण फी सारखी दिसली तरी तुझ्या खिशातून जाणारा आकडा वेगळा असू शकतो.

टीएफडब्ल्यूएस म्हणून अजून एक असतं, ट्यूशन फी माफीच्या जागा, ब्रँचच्या कोडच्या शेवटी टी लागतो. प्रत्येक ब्रँचला पाच टक्के जागा जास्तीच्या, उत्पन्न आठ लाखांच्या आत पाहिजे, ट्यूशन फी पूर्ण कोर्सभर माफ. मेरिट वर जातं तिथलं आणि नंतर ब्रँच बदलता येत नाही. तुला आता त्याची तेवढी गरज नाही पण दोन वर्षांनी तुझा भाऊ येईल तेव्हा त्याला ही मुलींची सवलत नाही, त्याला हे सांग.

कागदांचं काय झालंय ते मला आईने नीट सांगितलंच नाही. जातीची व्हॅलिडिटी, म्हणजे पडताळणीचा दाखला, आला का? बारावीला असतानाच कॉलेजकडून फॉर्म घेऊन अर्ज टाक म्हणून मी गेल्या दिवाळीत बोलले होते. नसेल आला तर उद्याच नासर्डी पुलाजवळच्या सामाजिक न्याय भवनात जाऊन स्टेटस बघ, नुसत्या मेसेजची वाट बघत बसू नको, कित्येकदा एखादा पुरावा कमी म्हणून त्रुटी काढलेली असते आणि आपल्याला पत्ताच नसतो. आजोबांच्या शाळेचा दाखला मूळ प्रत बरोबर ने. नॉन क्रिमीलेअर आणि उत्पन्नाचा दाखला हे दोन वेगळे कागद आहेत, दोन्हीत आठ लाखांचाच आकडा ऐकू येतो म्हणून लोक एकच समजतात आणि एक आणून दुसऱ्याच्या ठिकाणी अपलोड करतात. नॉन क्रिमीलेअर धरताना शेतीचं आणि पगाराचं उत्पन्न मोजत नाहीत, स्कॉलरशिपच्या उत्पन्नाच्या दाखल्यात मात्र शेतीसकट सगळं येतं. तलाठ्याकडून अहवाल घेऊन सेतूत द्यायचा, तहसीलदारांची सही होऊन येतो. दिंडोरीला जूनमध्ये जी गर्दी होते ती तुला मी सांगायला नको, द्राक्षाच्या हंगामात पण एवढी माणसं नसतात.

आणि नाव. आधारवर, दहावीच्या मार्कशीटवर आणि बँकेत तुझं नाव अक्षर न् अक्षर सारखं आहे का बघ. हसशील, पण माझ्या टेबलवर परत आलेल्या दर चार अर्जांत एक तरी नावाच्या स्पेलिंगवरून येतो असं मला वाटतं, मोजलं नाहीये कधी.

बँकेचं खातं हा तर वेगळाच विषय. सगळ्यांना वाटतं बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे लिंक झालं. ते केवायसी झालं. महाडीबीटीचे, म्हणजे राज्याच्या स्कॉलरशिप पोर्टलचे, पैसे आधारवरून येतात, खात्याच्या नंबरवरून नाही, आणि एनपीसीआय म्हणजे बँकांचे व्यवहार जोडणारी जी संस्था आहे तिच्याकडे तुझ्या आधारला जे खातं जोडलेलं असेल त्यात पडतात, त्याला सीडिंग म्हणतात. गेल्या वर्षी एक मुलगा तीन महिने भांडत होता की पैसे आले नाहीत, शेवटी निघालं की कुठल्यातरी मोबाईल ॲपवर कॅशबॅकसाठी नवीन खातं उघडलं होतं आणि आधार तिकडे जोडला गेला होता, पैसे तिथेच पडून. आधारच्या वेबसाईटवर बँक सीडिंग स्टेटस दिसतं, ओटीपी टाकून दोन मिनिटांत कळतं. एकच खातं ठेव, आणि कोर्स संपेपर्यंत नवीन कुठे आधार देऊन खातं उघडू नको.

स्कॉलरशिपचा फॉर्म भरल्यावर पण संपत नाही गं. आधी कॉलेजच्या लॉगिनला येतो, म्हणजे माझ्यासारख्या बाईकडे, मग विभागाकडे. कुठेही काही खटकलं की सेंड बॅक होतो आणि तो तुझ्या लॉगिनला पडून राहतो. दर पंधरा दिवसांनी लॉगिन करून बघायचं. सायबर कॅफेवाल्याचा मोबाईल नंबर आणि त्याने ठेवलेला पासवर्ड हा प्रकार अजिबात नको, तुझा नंबर, तुझा पासवर्ड. आणि दरवर्षी रिन्युअल करावं लागतं, पहिल्या वर्षी मिळाली म्हणजे चारही वर्षं आपोआप येते असं धरून बसलेली पोरं दुसऱ्या वर्षी मुदत संपल्यावर खिडकीशी येतात आणि मॅडम काहीतरी करा म्हणतात, मी काय करणार, पोर्टल बंद असतं. एक सांगू, आमच्याशी भांडू नको पण आम्हाला विसरूही देऊ नको. ज्या पोराचा चेहरा क्लार्कला माहीत असतो त्याची फाईल खाली राहत नाही, चांगलं नाहीये हे पण आहे असं.

पैसे यायला वेळ लागतो, ते पण आधीच मनात धर. हिवाळ्यात मंजूर झालेले पैसे कधीकधी पुढच्या उन्हाळ्यात येतात, कधी त्याहून उशिरा. मधल्या काळात काही कॉलेजं पूर्ण फी आधी भरा, स्कॉलरशिप आली की परत देऊ म्हणतात. सवलतीस पात्र मुलींकडून ती फी आधी घ्यायची नाही असं सरकारने सांगितलेलं आहे, त्यामुळे जीआरची प्रत मोबाईलमध्ये ठेव आणि शांतपणे अर्ज लिहून दे, अर्जाच्या दुसऱ्या कॉपीवर पोच म्हणून शिक्का घे. तोंडी वाद घालू नको, बाबांना तर मुळीच घालू देऊ नको, ते चिडले की विषय फीवरून भलतीकडेच जातो. आणि ॲडमिशन झाल्यावर ओरिजिनल कागद ठेवून घेतो म्हणाले तर देऊ नको, तपासून परत द्यायचे असतात, यूजीसीचाच नियम आहे.

आणि पैसे खात्यावर आले तर ते आपले नसतात. काही योजनांत, एससीच्या पोस्ट मॅट्रिकमध्ये तर केंद्राचा साठ टक्के हिस्सा सरळ विद्यार्थ्याच्या खात्यावर येतो आणि त्याने तो कॉलेजला भरायचा असतो. एका मुलाने त्यात सेकंडहँड गाडी घेतली. घरी आई आजारी असायची, येण्याजाण्याला लागत होती, मला त्याचा राग पण करता आला नाही. पण शेवटच्या वर्षी थकबाकी निघाली आणि एलसी, म्हणजे कॉलेज सोडल्याचा दाखला, अडकला.

राहायचं काय ठरवलंय? रोज दिंडोरीहून ये-जा जमेल तुला, तासाभराचा प्रश्न आहे, पण पहिल्या वर्षी प्रॅक्टिकल संपायला उशीर होतो. सरकारी वसतिगृहाचा अर्ज टाकून ठेव, नाही मिळालं तर ओबीसीसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, नाशिकसारख्या शहरात वर्षाला ५१,००० देतात जेवण, राहणं आणि निर्वाहाचे मिळून, जागा मर्यादित असतात म्हणून पहिल्या दिवशी भर. तुझी ती सुरगाण्याची मैत्रीण आहे ना, तिला सांग तिच्यासाठी आदिवासी मुलांची अशीच स्वयंम योजना आहे, आणि आदिवासी विकासचं आयुक्तालय इथे नाशकातच आहे, तिला कुठे लांब जायला नको. एआयसीटीईची, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची, प्रगती स्कॉलरशिप पण बघ, टेक्निकल शिकणाऱ्या मुलींना वर्षाला ५०,००० आहेत, घरातल्या दोन मुलींपर्यंत, अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर. त्या फॉर्ममध्ये दुसरी स्कॉलरशिप घेतेस का विचारतात तिथे खरं तेच लिही, नंतर वसुली लागते.

एवढं सगळं करून जी रक्कम उरेल, डेव्हलपमेंट फी आणि हॉस्टेल वगैरे, त्यासाठी सोनं ठेवायची गरज पडू नये. पडलीच तर बँकेचं शैक्षणिक कर्ज बघा, चार लाखांपर्यंत तारण मागत नाहीत, हप्ता कोर्स संपून वर्षभराने सुरू होतो. विद्यालक्ष्मी पोर्टलवरून अर्ज होतो. बाबांचं पीककर्ज थकलेलं असेल तर बँकवाले सिबिल बघून तोंड वाकडं करतील, म्हणून आधी ते खरं काय आहे ते मला सांगा, लाजायचं काही नाही, त्या बेमोसमी पावसानंतर कोणाचं थकलं नाही सांग बरं. पतसंस्थेचं व्याज आणि हे व्याज यात फार फरक आहे, वहीत तेही लिहून बघ.

रविवारी घरी आहे मी, फाईल घेऊन ये. सिडकोत उतरलीस की फोन कर, मी चौकात येते. बाबांनाही आण, त्या कन्सल्टन्सीवाल्याचा नंबर त्यांच्याकडेच असेल, मला बघायचंय तो काय बोलतो. आणि पासपोर्ट साईज फोटो पांढऱ्या बॅकग्राऊंडचे आण, मागच्या वेळी निळे आणले होतेस.

तुझी मावशी