वर्गणी थांबली तर जुन्या पत्रिकांचं काय?

प्रश्न : काका, खणभागात माझं लग्नपत्रिका आणि हळदीच्या पाकिटांच्या डिझाइनचं काम आहे. आजवर मित्राने टाकून दिलेल्या सॉफ्टवेअरवर भागलं. आता एका मसालेवाल्याने रीतसर, परवान्याच्या ‘इलस्ट्रेटर’ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधली मूळ फाइल मागितली आहे. त्याची वर्गणी (सबस्क्रिप्शन) घेतली, तर आषाढ ते दिवाळी काम नसतं. ते चार महिने फुकट भरायचे का? आणि पैसे थांबले की जुन्या फायली जातात का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : फायली जात नाहीत. तुमच्या डिस्कवरच्या डिस्कवरच राहतात, त्या उघडणारं सॉफ्टवेअर तेवढं बंद पडतं. ‘क्रिएटिव्ह क्लाउड’ या वर्गणीच्या नावात क्लाउड असलं तरी प्रोग्राम तुमच्याच कॉम्प्युटरवर बसतो आणि अधूनमधून नेटवरून वर्गणी तपासतो. २०१३पासून इलस्ट्रेटर बनवणाऱ्या अ‍ॅडोबीने नव्या आवृत्त्या वर्गणीवरच द्यायला सुरुवात केली, तेव्हा आम्ही जुने डीटीपीवाले पुष्कळ चडफडलो. उपयोग झाला नाही.

चार महिन्यांचा हिशेब मात्र कागदावर करा. ‘वार्षिक, हप्ता महिन्याला’ हा प्रकार ऐकायला महिनावार वाटतो, पण तो वर्षाचा करार आहे. पहिल्या १४ दिवसांनंतर मध्येच सोडलात, तर उरलेल्या हप्त्यांची निम्मी रक्कम कापतात. (ही अट लपवल्याचा आरोप ठेवून ग्राहकांचं हित पाहणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशनच्या सांगण्यावरून अमेरिकी सरकारने जून २०२४मध्ये कंपनीवर दावा लावला. गोंधळलेले आपण एकटे नाही!) दिवाळीला घेऊन आठ महिन्यांनी सोडलंत, तर आठ हप्ते आणि उरलेल्या चारांचे निम्मे दोन, असे दहा झाले. खरा महिनावार, म्हणजे कधीही सोडता येणारा प्रकारही असतो; त्याचा दर या हप्त्याच्या सव्वापटीहून जास्त असेल, तर तो प्रकार घेण्यात तोटा. दीडपट असेल, तर आठ महिन्यांच्या पैशांत अख्खं वर्ष निघतं. आणि एकटं इलस्ट्रेटरच घ्या, सगळ्या अ‍ॅपांचं ताट कशाला?

काम पास झालं की पीडीएफ काढाच. इलस्ट्रेटरची फाइल सेव्ह करताना पीडीएफ कंपॅटिबलची खूण काढू नका. मग इंकस्केप हे फुकटचं चित्रांचं सॉफ्टवेअरही ती बरीचशी उघडतं. मजकूर कर्व्ह केलेली, म्हणजे फॉन्ट नसला तरी दिसावीत म्हणून अक्षरांची चित्रं केलेली प्रत वेगळी ठेवा. माझ्याकडे एकदा जुनी पत्रिका नव्या मशीनवर उघडली, तर ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’च्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी. फॉन्टच टाकला नव्हता, आणि नवरदेवाचे वडील शेजारी उभे.

आणखी एक. २०१९च्या पुरात मारुती चौकातल्या दुकानातला कॉम्प्युटर मी माळ्यावर चढवला होता. पाणी तिथंही पोचलं. छापखान्याला मेलने गेलेल्या पत्रिका तेवढ्या वाचल्या. म्हणून एक प्रत नेटवर असू द्या, पण केवळ वर्गणीबरोबर मिळालेल्या जागेत नको. वर्गणी संपली की ती जागाही आक्रसते.

मसालेवाल्याच्या पहिल्या बिलात एक हप्ता धरा. रीतसर फाइल त्यानेच मागितली आहे.